कापडावाचून काज

सदऱ्याला काज करताना हात काय करतो ते आठवून पाहा. कापडाला चीर द्यायची, चिरेच्या कडेला सुई टोचायची, दोऱ्याचा फास सुईच्या टोकाखाली घ्यायचा आणि सुई ओढायची. त्याच्या शेजारी दुसरा टाका, त्याच्या शेजारी तिसरा. चीर उसवू नये एवढ्यासाठी ही खटपट. शाळेत शिवणाच्या तासाला हा टाका आपल्यापैकी अनेकींनी घातलेला असतो. तोच विरळ घातला की त्याला ब्लँकेटचा टाका म्हणतात, आणि पांघरुणाच्या काठापासून बाळाच्या दुपट्यापर्यंत तो घरात कुठेही सापडतो.

आता या टाक्यांची एक विरळ ओळ डोळ्यांपुढे आणा. दर दोन टाक्यांच्या मध्ये दोऱ्याची एक लहानशी कमान राहिली आहे. दुसरी ओळ घालताना सुई कापडात टोचलीच नाही, फक्त त्या कमानींतून नेली, तर? आणि तिसरी ओळ दुसरीच्या कमानींतून? अशा वीस-पंचवीस ओळी झाल्या की सुईखाली एक नवे वस्त्र तयार झालेले दिसते. ते मागावर चढलेले नाही, त्याला ताणा नाही, बाणा नाही. खालच्या कापडाने त्याला फक्त कडेने धरले आहे. ती कड मोकळी केली की ते हातात येते. एक पान, एक पाकळी, फुलपाखराचा पंख, बोटभर उंचीच्या राणीची बाही.

सुईची लेस ती हीच. असे सुटे तुकडे रेशमी किंवा सुती कापडावर बसवून, कुठे खाली भर घालून, कुठे कडेला तार देऊन जे चित्र कापडावरून उभे राहते, त्याला मी उठावाचे भरतकाम म्हणते. इंग्रजीत त्याला आज स्टंपवर्क म्हणतात, पण ते नाव एकोणिसाव्या शतकातले. ज्या सतराव्या शतकात हे काम भरात होते त्या काळचे लोक त्याला नुसते उठावाचे काम म्हणत, आणि मला ते जुने, साधे नाव अधिक बरोबर वाटते. या पुस्तकात या सुट्या तुकड्यांची कृती दिली आहे. चित्र कसे रचावे, रंग कसे निवडावेत याची पुस्तके पुष्कळ आहेत. तुकडा कसा करावा आणि तो टिकाऊ कसा होतो, हे मराठीत सविस्तर लिहिलेले मला हवे होते.

शिकायला येणाऱ्या बहुतेकजणी पहिल्याच दिवशी म्हणतात, हे फार नाजूक काम आहे, आमचे डोळे आता चालत नाहीत. मला हे कधीच पटलेले नाही. नाजूकपणा दोऱ्यात असतो. जाड दोरा घेतला तर हेच काम चष्म्याशिवायही होते, आणि शिकताना जाडच दोरा घ्यावा. या कामातले खरे कसब दोन ठिकाणी आहे. एक, तुकड्याच्या कडेत. दुसरे, दोरा ओढण्याच्या ताणात. टाके नंतर कितीही प्रकारचे शिका, ही दोन नीट बसली नसतील तर पान पानासारखे दिसत नाही. या प्रस्तावनेत इतिहास थोडा सांगणार आहे, पण तोही या दोन गोष्टींच्याच वाटेने.

व्हेनिसमध्ये सोळाव्या शतकात सुईची लेस कशी घडत गेली ते पाहिले की कडेचे महत्त्व आपोआप कळते. आधी तिथे तागाच्या कापडातले चौकोन कापून काढीत आणि मध्ये राहिलेल्या मोजक्या धाग्यांवर काजाचे टाके घालून जाळी करीत. त्या कामाला रेतिचेल्ला म्हणत. पुढे कापून काढायचा भाग वाढत गेला, उरणारे धागे कमी होत गेले, आणि शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले की कापडाची गरजच नाही. नक्षीच्या रेषेवर दोरा मांडून तो तात्पुरता धरून ठेवला तर त्याच्या आधाराने सगळी लेस घालता येते. या लेसला इटालियन भाषेत पुंतो इन आरिया म्हणतात. शब्दशः अर्थ, हवेतला टाका. नावात सगळी कृती आली. फेदेरिको व्हिंचोलो याचे नमुन्यांचे पुस्तक १५८७ मध्ये पॅरिसला छापले गेले, चेझारे व्हेचेल्लियो याचे १५९१ मध्ये व्हेनिसला. अशा पुस्तकांमुळे एका शहराची नक्षी दुसऱ्या शहरातल्या बायकांच्या मांडीवर जाऊन पोचली.

नक्षी चर्मपत्रावर काढायची, त्याखाली तागाच्या कापडाची दुहेरी घडी टाचायची, नक्षीच्या रेषेवर दोरा ठेवून तो बारीक टाक्यांनी सगळ्या थरांतून धरायचा, त्या दोऱ्याच्या आधाराने लेस भरायची, आणि शेवटी कापडाच्या दोन घड्या अलग करून मधले धरणारे टाके कापायचे. हीच रीत. चार शतके उलटून गेली तरी तिच्यात मूलभूत बदल करावा असे कोणाला वाटलेले नाही. आपण चर्मपत्राऐवजी प्लॅस्टिक वापरतो, तागाऐवजी मांजरपाट. बाकी तेच.

फ्रान्समधल्या आलाँसाँ गावची सुईची लेस युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तिथल्या लेसच्या एका चौरस सेंटिमीटरला सुमारे सात तास लागतात आणि कारागीर पूर्ण तयार व्हायला सात ते दहा वर्षे. हे आकडे वाचून कोणी धास्ती घेऊ नये. ती लेस केसासारख्या दोऱ्याची, दहा वेगवेगळ्या टप्प्यांतून जाणारी. आपल्याला करायचे पान दोन सेंटिमीटर लांबीचे, सहा पदरी भरतकामाच्या दोऱ्यातल्या एका पदराचे. ते एका दुपारी होते. मात्र आलाँसाँची बाई आणि तुम्ही, दोघी जो टाका घालता तो एकच असतो, आणि मला त्याचे फार अप्रूप वाटते.

इंग्लंडमध्ये या सुट्या लेसला भरतकामाची जोड मिळाली. तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मार्गारेट लेटन या बाईचे एक जाकीट आहे, साधारण १६१० ते १६१५ या काळात केलेले. फुले, पक्षी, किडे, वेलांच्या गुंडाळ्या, सगळे रंगीत रेशमात आणि सोन्याचांदीच्या तारेत. तेच जाकीट घातलेले तिचे चित्र धाकट्या मार्कस गेरार्ट्सचे मानले जाते आणि जाकीट व चित्र दोन्ही त्याच संग्रहालयात आहेत. त्या जाकिटावरच्या पाकळ्या आणि पाने मोठ्या प्रमाणात याच कापड न टोचणाऱ्या काजाच्या टाक्याने भरलेली आहेत. त्या काळच्या काही कामांत मटाराच्या शेंगा केलेल्या सापडतात. शेंगेची वरची साल म्हणजे लेसचा एक सुटा तुकडा, एकाच कडेने शिवलेला. बोटाने उचलला की आत ओळीने दाणे दिसतात. भरतकाम उघडून पाहता यावे ही कल्पना ज्या बाईला पहिल्यांदा सुचली तिचे नाव कोणाला माहीत नाही.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून पुढची तीस-चाळीस वर्षे हे काम पेट्यांवर, आरशांच्या चौकटींवर आणि भिंतीवर लावायच्या चित्रांवर बहरले. पांढऱ्या साटिनवर नक्षी काढणारे व्यावसायिक चितारी होते. ते छापील चित्रांतून माणसे, प्राणी, फुले उचलत आणि साटिनवर शाईने उतरवून देत. म्हणून एकाच चित्रात राणीएवढे फुलपाखरू, सिंहाएवढी गोगलगाय आणि घराहून मोठे गुलाबाचे फूल दिसते. विषय बहुधा बायबलच्या जुन्या करारातले: एस्तेर आणि राजा, सोलोमन आणि शेबाची राणी, विहिरीवरची रिबेका. पण पोशाख त्या काळच्या इंग्लंडचा. कधी राजाराणी सरळ इंग्लंडचेच असत. दुसरा चार्ल्स आणि ब्रगान्झाची कॅथरीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोड्या अशा कामांत आहेत. या कॅथरीनच्याच लग्नाच्या १६६१ मधल्या तहात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली. लेसची झालर आणि लेसची बाही घातलेली ती बोटभर राणी पाहताना मराठी माणसाला हे आठवल्यावाचून राहत नाही.

राजाच्या तंबूचे पडदे लेसचे, ते बाजूला सारता येतात. राणीच्या झग्याचा वरचा घेर लेसचा, तो उचलला तर खालचा घागरा दिसतो. चेहरे आणि हात कधी लाकडात कोरून त्यावर रेशीम चढवलेले. किल्ल्याच्या खिडक्यांना अभ्रकाचे पापुद्रे. झऱ्यात पोवळी, मोती, काचेचे मणी. आणि सोन्याच्या तारेची बारीक स्प्रिंग कापून मण्यासारखी ओवलेली, जिला आपल्याकडच्या जरदोजीच्या कारखान्यात सलमा किंवा दबका म्हणतात. जरदोजीचे कारागीरही खाली सुताचा भर घालूनच त्यावर सलमा टाकतात. उठावाची ओढ सगळ्या देशांतल्या भरतकामाला असते. मात्र जरदोजीत तुकडा जमिनीपासून सुटत नाही. सुईच्या लेसचा तुकडा सुटतो, वाकतो, त्याची सावली कापडावर पडते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

ही कामे मुली करीत. मार्था एडलिन १६६० मध्ये जन्मली. आठव्या वर्षी तिने रंगीत टाक्यांच्या पट्ट्यांचा नमुना पूर्ण केला, नवव्या वर्षी पांढऱ्या दोऱ्यातला कातरकामाचा आणि लेसचा नमुना, अकराव्या वर्षी, १६७१ मध्ये, भरतकामाने मढवलेली पेटी, आणि तेराव्या वर्षी मण्यांच्या कामाची लहान डबी. हे सगळे तिच्या घराण्यातल्या बायकांनी आईकडून लेकीकडे असे तीनशे वर्षे जपले आणि आज ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. मला या यादीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते नववे वर्ष. रंग नाही, चित्र नाही, पांढऱ्यावर पांढरे. अशा कामात एक टाका सैल पडला तरी तो लपत नाही. ताण शिकायची ती शाळा होती. तिच्यातून गेल्यावर मुलीच्या हातात रंगीत रेशीम आणि सोन्याची तार दिली जाई. आपण उलटे करतो. पहिल्याच दिवशी लाल गुलाब हवा असतो, आणि बाजारातून नऊ रंगांच्या लडी आणून ठेवलेल्या असतात. माझी विनंती आहे की या पुस्तकातले पहिले तीन नमुने एकाच फिक्या रंगात करावेत. पांढरा दोरा उत्तम.

आता कडेविषयी.

मांजरपाटाचे दोन तुकडे एकावर एक ठेवा. कडक, खळ न काढलेला मांजरपाट चांगला. त्यावर ट्रेसिंगच्या कागदावर काढलेले पान, आणि त्यावर पुस्तकांना चढवतात तसले चिकटणारे पारदर्शक प्लॅस्टिक. निळसर मिळाले तर डोळ्यांना बरे, चकाकत नाही. चारी बाजूंनी धावदोरा घालून सगळे थर बांधून टाका. या गादीवर आपले पान जन्माला येणार आणि ते झाले की गादीचे काम संपणार.

पानाच्या रेषेवर जो दोरा मांडायचा तो दुहेरी घ्यायचा. लांब दोरा मधोमध दुमडा. दुमडीचा फास पानाच्या देठापाशी ठेवा आणि तिथून रेषेवरून पुढे जा. दुसऱ्या सुईत शिवणाचा साधा दोरा घेऊन दर दोन-तीन मिलिमीटरवर एक आडवा टाका घालून हा दुहेरी दोरा गादीला धरून ठेवा. हे टाके प्लॅस्टिक, कागद आणि मांजरपाटाचे दोन्ही थर, सगळ्यांतून आरपार जायला हवेत. त्यांचा रंग लेसच्या रंगापेक्षा अगदी वेगळा असावा, म्हणजे शेवटी काढताना दिसतील. पानाला मधली शीर असेल तर त्याच दोऱ्याने आत वळायचे, शिरेच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. शिरेसाठी वेगळा दोरा कधी जोडू नये. फिरून देठाशी आलो की दोऱ्याची दोन्ही टोके सुरुवातीच्या फासातून ओवायची, मागे वळवायची आणि थोड्या अंतरापर्यंत कडेवरच धरून टाकायची. आता कड बंद झाली. तिला गाठ नाही, तुटक जागा नाही.

हे एवढे तपशिलाने का सांगते आहे? कारण शिकणाऱ्यांच्या तुकड्यांतले दहापैकी आठ दोष इथे निर्माण होतात आणि पुढे कितीही सुंदर टाके घातले तरी ते निघत नाहीत. धरणारे टाके लांब लांब घातले की भरताना लेस कडेला आत खेचते आणि पानाचा आकार पेरूच्या फोडीसारखा होतो. शिरेचा दोरा वेगळा जोडला की गादीवरून काढताना शीर सुटून येते. घाईने घातलेली कड लगेच कळत नाही, काम संपल्यावर कळते. जे टाके शेवटी कापून चिमट्याने उचलून टाकायचे आहेत, जे कोणाला कधी दिसणार नाहीत, त्यांच्यावर सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. मी शिकवताना कड पूर्ण झाल्याशिवाय आणि मी ती उलटी करून पाहिल्याशिवाय पुढचा टाका घालू देत नाही. एखादी रागावतेही. पण पान हातात आल्यावर तिला कारण कळते.

भरण्यासाठी बोथट टोकाची सुई घ्यावी. ती नसेल तर साधी सुई उलटी धरून नेढ्याच्या बाजूने न्यावी, म्हणजे खालचे प्लॅस्टिकही टोचले जात नाही आणि दोऱ्याचा पदरही फाटत नाही. पहिली ओळ कडेच्या दुहेरी दोऱ्यावर काजाच्या टाक्यांची. उजव्या टोकाला पोचलो की सुई कडेच्या दोऱ्याखालून न्यायची. इथून दोन वाटा आहेत. लगेच उलट्या दिशेने दुसरी ओळ घातली तर विरळ, जाळीदार वस्त्र मिळते. फुलपाखराच्या पंखांना, धुक्यासारख्या पदराला ते शोभते. पण टोकाला पोचल्यावर दोरा सरळ डावीकडे आडवा टाकला, तिथे कडेखालून घेतला, आणि दुसऱ्या ओळीतला प्रत्येक टाका वरची कमान आणि हा आडवा दोरा दोन्ही मिळून धरत घातला, तर दाट, सपाट, घट्ट वस्त्र तयार होते. पान, पाकळी, कोट, शेंगेची साल यांना हेच हवे. पुस्तकातले निम्मे नमुने या एका टाक्याचे आहेत आणि मला त्याची खंत नाही. एक टाका पक्का आला की बाकीचे त्याच्यातूनच फुटतात. जोडटाके घातले की एक जाळी, एखादा टाका मुद्दाम गाळला की दुसरी. इंग्लंडमध्ये बाळाच्या बारशाच्या टोपीवर हॉली पॉइंट नावाची लेस करीत. तिच्यात प्रत्येक टाक्याला एक पीळ असतो आणि गाळलेल्या टाक्यांच्या भोकांनी फुले, अक्षरे, तारखा उमटतात. न घातलेल्या टाक्यांनी लिहिलेले ते अक्षर वाचायला फार गोड वाटते.

दोन लहान सूचना इथेच देते, कारण त्या प्रत्येक नमुन्यात पुन्हा लिहिणे शक्य नाही. दोरा नेहमी कडेलाच संपवावा आणि कडेलाच नवा सुरू करावा. ओळीच्या मध्ये जोड दिला तर तो कायम दिसतो. ओळ सुरू करण्यापूर्वी दोरा पुरेल का ते पाहा. शंका असेल तर बदला. दुसरी, शिंप्याच्या काजात प्रत्येक टाक्याला दोऱ्याचा जास्तीचा वेढा देऊन गाठ बसवतात. लेसच्या टाक्यात ती गाठ नाही. ज्यांचा हात काज-बटणाला सरावलेला आहे त्यांच्याकडून ती नकळत पडते आणि लेस खरखरीत होते. सुरुवातीला टाका मोठ्याने म्हणत घातला तर सवय मोडते: आत, फासातून, हळू ओढ.

हळू ओढ, हा ताण. तो शब्दांत सांगणे अवघड आहे. टाका ओढल्यावर कमान कडेला टेकावी पण कडेला हलवू नये. दोरा सरळ दिसावा पण तारेसारखा ताठ नसावा. भाकरी थापताना हात जसा पिठाचे ऐकतो तसे इथे दोऱ्याचे ऐकावे लागते. घाम आलेल्या हाताने ताण चुकतो, म्हणून कोकणातल्या आणि मुंबईतल्या भगिनींनी मे महिन्यात जवळ कोरडा रुमाल ठेवावा, सकाळी काम करावे. एका बैठकीत सुरू केलेला तुकडा शक्यतो त्याच बैठकीत भरून संपवावा. सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात वेगळा असतो, आणि लेसमध्ये ते दिसते. मन अस्वस्थ असेल त्या दिवशी मी कड घालते, भरत नाही.

भरून झाले की कडेवरून पुन्हा एक फेरी. कडेच्या दोऱ्यावर आणखी एक-दोन दोरे किंवा बारीक तार ठेवून त्यावर दाट काजाचे टाके घालायचे, टाक्याची वेणी बाहेरच्या बाजूला. जुन्या कामांत रेशीम गुंडाळलेली तार सापडते. आलाँसाँमध्ये घोड्याचा केस वापरतात. आपल्याकडे कागदी फुलांसाठी मिळणारी तार सोयीची वाटते, आणि मीही पूर्वी तीच वापरीत असे. एका पावसाळ्यात तिने एका पूर्ण झालेल्या चित्राच्या सहा पाकळ्यांवर गंजाचे डाग पाडले, आणि ते निघाले नाहीत. तेव्हापासून मी मोटर वाइंडिंगची लाख चढवलेली तांब्याची तार घेते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची. ती कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात वजनावर मिळते, गंजत नाही, आणि हव्या तशा वाकवलेल्या पाकळीला तशीच धरून ठेवते. मांजरपाट, दोरे, सुया, मणी यांसाठी पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत भुलेश्वर पुरेसे आहे. परदेशातून काही मागवण्याची गरज नाही, हे मी ठामपणे सांगते.

मग गादीचे दोन मांजरपाट थोडे ओढून अलग करायचे. मध्ये धरणारे टाके ताणलेले दिसतात. बारीक कात्रीने ते एक एक कापायचे. वरचा थर मोकळा होतो आणि पान उचलून येते. उरलेले दोऱ्याचे तुकडे चिमट्याने काढायचे. कितीही वेळा केले तरी या क्षणाला मी श्वास रोखून धरते.

सगळेच तुकडे असे वेगळे करायचे नसतात. जुन्या इंग्रजी कामांत पुष्कळदा साटिनवरच साखळीच्या किंवा मागटाक्याच्या ओळीने आकार बांधून, खाली लोकर किंवा कापडाच्या चिंध्यांचा भर घालून, त्या ओळीच्या आधाराने लेस थेट जागेवर भरलेली असते. मेंढीचे अंग, माणसाचा गुडघा, फळाचा फुगीरपणा यांना ही रीत बरी, कारण वस्त्र भरावर घट्ट बसते. जे उचलले जावे, उघडावे, हलावे असे वाटते ते गादीवर करावे. भरासाठी आज फेल्टचे थर वापरतात. सर्वांत लहान थर आधी खाली आणि सर्वांत मोठा शेवटी वर, म्हणजे पायऱ्या दिसत नाहीत.

ही जुनी कामे आज कशी दिसतात हेही सांगायला हवे, कारण त्यातून दोरा निवडण्याचा धडा मिळतो. वरचे रंग उडालेले असतात, मागची बाजू मात्र अजून झगझगीत. आणि जिथे काळे किंवा गडद तपकिरी रेशीम होते तिथे कित्येकदा नुसती टोचण्यांची भोके उरलेली असतात. त्या रंगांत लोखंडाचे क्षार वापरीत, आणि त्यांनी रेशीम खाऊन टाकले. माणसांच्या भुवया गेल्या, घोड्यांचे खूर गेले. तुमचे काम काचेआड ठेवा आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात हे काम पुन्हा शिकवले जाऊ लागले. ऑस्ट्रेलियातल्या जेन निकोलस यांच्या पुस्तकांनी जगभरच्या हजारो हातांना ते दिले, आणि लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कमध्ये त्याचे रीतसर शिक्षण आहे. त्या पुस्तकांतली फुले मात्र त्यांच्या बागांतली आहेत. आपल्याकडे सोनचाफा आहे. त्याच्या पाकळ्या जाड, टोकाशी किंचित आत वळलेल्या, दाट टाक्याने आणि तारेच्या कडेने अगदी तशाच होतात. गोकर्णाची निळी पाकळी, शेवग्याचे फूल, सोललेली पावट्याची शेंग, कढीपत्त्याची डहाळी हे या पुस्तकातले नमुने मी अंगणात आणि स्वयंपाकघरात पाहून काढले आहेत. कढीपत्ता करताना प्रत्येक पान वेगळ्या लांबीचे करा. झाडावर ती सारखी नसतात.

शेवटी एक मागणे. मँचेस्टरच्या व्हिटवर्थ कलादालनात हॅना स्मिथ नावाच्या मुलीची भरतकामाची पेटी आहे. तिच्यात तिने स्वतः लिहिलेली चिठ्ठी सापडली. बारा वर्षांची व्हायच्या सुमारास आपण ऑक्सफर्डला गेलो, हे काम तिथे पूर्ण केले, पेटी १६५६ मध्ये लंडनला बांधून झाली, असे तिने १६५७ मध्ये नोंदवून ठेवले आहे. पुढे आपणच विसरलो तर कागद पाहून खात्री करून घेता यावी, एवढ्यासाठी. त्या एका कागदामुळे आपल्याला तिचे नाव माहीत आहे. मटाराची शेंग उघडणारी बाई मात्र कायमची निनावी राहिली. आपल्या घरांतली किती दुपटी, किती तोरणे, किती रुमाल असेच निनावी पडले आहेत. तुमचे पहिले पान गादीवरून सुटले की ते एखाद्या कापडावर शिवा, आणि त्या कापडाच्या मागे तुमचे नाव, गाव आणि तारीख लिहा. पान वाकडे झाले असले तरी लिहा.